छायाचित्रात न दिसणारा डबा

जळगाव. गुरुवार, १६ मे २०२४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

भटू,

तू गेलास हे मला मान्य आहे. धुळ्याच्या स्मशानभूमीत मी शेवटपर्यंत उभा होतो. परंतु तुझ्याबरोबर आपला वादही गेला, असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे, ते मला मान्य नाही. एक बाजू उठून गेली म्हणजे निकाल लागला, असे होत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे. ऊन वर आले की या खोलीत बसवत नाही. तोपर्यंत होईल तेवढे लिहीन, उरलेले संध्याकाळी.

गंधमुक्तीच्या दिवशी तुझ्या दारातल्या मांडवात चार जण तुझ्याविषयी बोलले. चौघांनीही तुला शांत आणि मनमिळाऊ म्हटले. मी मान खाली घालून बसलो होतो, ती शोकाने नव्हे. जळालेली मोटर रिवाइंडिंगसाठी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला "हाई मोटर नही, हाऊ तुना गुन्हा शे" असे भर दुकानात सुनावणारा माणूस शांत कसा? तू तापट होतास, हट्टी होतास, आणि चूक दाखवून दिली की आधी शिव्या देऊन मग ती मान्य करणारा होतास. आपण साडू. तुझी मंगला आणि माझी शांता या दोघी बहिणींमुळे जोडले गेलो आणि पुढे त्यांच्याहून अधिक भांडलो. मेलेल्या माणसाला घासून गुळगुळीत करण्याची पद्धत मला पटत नाही. तुला तर जिवंतपणीच पटली नव्हती. तो खोका उघडला तेव्हा तू याच गोष्टीसाठी संतापला होतास.

नितीनने तुझ्या पंच्याहत्तरीला तो परदेशातून मागवला. कोणत्याही सैन्यात दाखल न झालेल्या, केवळ चाचणीपुरत्या बनवलेल्या रणगाड्यांच्या प्रतिकृती विकणारी एक लहानशी कंपनी आहे, तिच्या यादीत तुझा रणगाडा निघाला. पस्तीस पटींनी लहान, ओतून गोठवलेल्या रेझिनचे सुटे भाग, घरी घासून जोडायचे. मुलाला वाटले, बाप खूश होईल. हवालदार मेकॅनिक असताना तू वाळवंटातल्या चाचणीच्या मैदानावर दोन उन्हाळे त्या यंत्राखाली उताणे पडून काढले होतेस. त्याला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. तुम्ही लोक त्याला म्हैस म्हणायचात, कारण ऊन चढले की ते जागचे हलत नसे.

खोका मांडीवर घेऊन तू एसटीने जळगावला आलास. चपला काढण्याआधीच म्हणालास, "मास्तर, देख. हाई मनी गाडीच नही."

"क्रमांक तर तोच लिहिला आहे."

"नंबर लिखीसन काय व्हस? पाच चाकं देल शेतस. सहा व्हतात. बठ्ठं चुकेल शे."

आतून शांता म्हणाली, "भटूभाऊ, बसा तरी आधी. रणगाडा काही पळून जात नाही."

"पळनाच नही तो कधी," तू म्हणालास, "म्हणीसन तर सैन्यानी घेतला नही."

चिडलास की तू अहिराणीवर यायचास. मी चिडलो की माझी मराठी अधिक पुस्तकी होते, असे तू सर्वांना सांगत असायचास. ते खरे आहे. तुझे म्हणणे ऐकून मी एवढेच विचारले, "पुरावा काय?" निवृत्त झाल्यापासून मी कोणाला हा प्रश्न विचारला नव्हता, कारण कोणी मला काही दाखवायलाच आणत नव्हते. तीस वर्षे मुलांना यंत्ररेखाटन शिकवलेला माणूस सकाळी वर्तमानपत्रातली जाहिरात तिरकी छापली आहे की काय, एवढे पाहून दिवस संपवत होता. तू मला काम आणून दिलेस. यापेक्षा अधिक लिहिण्याची गरज नाही.

पुरावा म्हणून तू खिशातून ते छायाचित्र काढलेस. एकच. रणगाडा बाजूने दिसतो. पट्ट्यांवरच्या पत्र्यावर तू उभा आहेस, पायात बूट, डोक्यावर काही नाही, आणि पाठ रणगाड्याच्या फिरत्या डोक्याच्या मागच्या टोकाला टेकवलेली. चाके मोजली. सहा. कंपनीने कुठून तरी दुसऱ्याच नमुन्याचे चित्र घेऊन काम भागवले होते. मी म्हणालो, दुरुस्त होईल. पण मापे हवीत. रणगाड्याची मापे तुलाही पाठ नव्हती. मग छायाचित्रात माप ठाऊक असलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे तू.

"मनी उंची पाच फूट आठ शे. सैन्यात मोजेल शे," तू छाती काढून म्हणालास.

मी तुला दाराच्या चौकटीला उभे केले आणि डोक्यावर काटकोनी गुण्या ठेवून पेन्सिलीने खूण केली. पाच फूट सात भरलास, तेही टाचा उचलून.

"म्हातारपणे माणूस आटी जास, मास्तर."

"किती आटतो, ते सांग. आकड्यात सांग."

त्या एका इंचावर आपण महिनाभर भांडलो. शेवटी पाच फूट साडेसात ठरले, बुटाच्या टाचेचे वेगळे धरले. तू ते मान्य केलेस, पण जाताना शांताला म्हणालास, "अक्का, ह्या माणसाबरोबर तुम्ही संसार कसा केला?" ती म्हणाली, "मी मोजूनच दिलं नाही काही."

तुझ्या उंचीवरून धडाची लांबी काढली. प्रतिकृती आखूड निघाली. सहाव्या चाकाला जागाच नव्हती. मी बारीक करवतीने धड मधोमध कापले तेव्हा तू तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहत होतास. एवढी यंत्रे उघडलेला माणूस, पण तेवढे तुला बघवले नाही. मधे पट्टी घातली, सांधा भरला. सहावे चाक मात्र दोन्ही बाजूंसाठी नव्याने करणे भाग होते. त्यासाठी तू धुळ्यातल्या तुमच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलास आणि कवळीचा साचा घेतात ते द्रव्य मागितलेस. "कोणाचा दात?" असे त्यांनी विचारले. "म्हशीचा," असे तू सांगितलेस आणि पुढे काही स्पष्टीकरणही दिले नाहीस. चाक पहिल्या खेपेला बुडबुड्यांनी भरले, दुसऱ्या खेपेला उत्तम निघाले. तोफेची नळी खोक्यातूनच वाकडी आली होती. ती आपण दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या नळाखाली धरून सरळ केली. पाणी तापवावे लागले नाही.

ऊन मात्र आपल्या मुळावर आले. गेल्या मे महिन्यात सांधे भरायचा लगदा कालवला की आकार देण्याआधीच बोटांत दगड होऊ लागला. तीन वेळा वाया गेला. पंखा लावला, ओला पडदा लावला, काही उपयोग झाला नाही. तेव्हा तूच म्हणालास, थंड जागा हवी आणि ती माझ्याच पुतण्याकडे आहे. माझा पुतण्या योगेश सावद्याजवळ केळी पिकवण्याची खोली चालवतो. पूर्णपणे बंद, बर्फासारखी थंड, कॅरेटवर कॅरेट. आपण दोघे म्हातारे भर मे महिन्यात स्वेटर घालून भुसावळमार्गे सावद्याला गेलो. बसमधले लोक आपल्याकडे बघत होते.

त्या खोलीत दोन कॅरेट उपडी घालून आपण बसलो. लगदा शांतपणे, पाऊण तास मऊ राहिला. मी सांधे ओढले, तू पाण्यात बुडवून चाके घासलीस. कॅरेट हलवणारा एक मजूर थांबला.

"नाना, हा कितव्या दिवशी पिवळा पडीन?"

योगेशसकट सगळे हसले. तू मान वर न करता म्हणालास, "तू तुनं कॅरेट उचल. हाऊ हिरवाच राही."

मला खोकला लागला तेव्हा तू तुझा मफलर काढून माझ्या गळ्यात टाकलास आणि लगेच चाकांकडे वळलास. मी आभार मानले नाहीत. तू अपेक्षाही केली नाहीस. तो मफलर तू परत मागितला नाहीस, मीही दिला नाही.

असे चालले होते. पावसाळा सुरू झाला तेव्हा धड, चाके, पट्टे, इंजिनावरची जाळी, सगळे छायाचित्राप्रमाणे बसले. आणि मग तू एक काडेपेटी कापून, चौकोनी तुकडा करून, रणगाड्याच्या फिरत्या डोक्याच्या मागे भाताच्या शिताने चिकटवलास.

"हे काय?"

"हाऊ डबा राही गया. लोखंडी डबा व्हता आठे."

मी छायाचित्र भिंगाखाली धरले. "डबा दिसत नाही."

"दिसी कसा? त्याना पुढे मी उभा शे ना. मना मांगे शे डबा."

"तुझ्या मागे काय आहे, हे छायाचित्र सांगत नाही."

"मी सांगस ना. मी तठे व्हतू. तू नव्हता."

मी काडेपेटी काढली. तू परत चिकटवलीस. मी परत काढली. ज्या माणसाच्या उंचीने आपण सबंध रणगाडा मोजला, तोच माणूस नेमका एका जागेच्या आड उभा होता, आणि नेमकी तीच जागा वादाची होती. याला मी काय करू? आपला नियम तूच मान्य केला होतास: छायाचित्रात दिसेल ते बसवायचे. कंपनीने नियम मोडून अंदाजाने पाच चाके लावली म्हणूनच तर तू खोका घेऊन आला होतास. तुझा डबा अंदाजाने बसवला असता, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला असता?

नितीनकडून कंपनीला लिहवले. सगळ्या चुका आकृत्यांसह कळवल्या, डब्याचेही लिहिले. उत्तर सभ्य होते. चाके आणि धडाची लांबी त्यांनी मान्य केली, आभार मानले. डब्याविषयी म्हणाले, उपलब्ध छायाचित्रांत तसे काही दिसत नाही, पुरावा असल्यास पाठवावा. नितीनने मराठीत सांगितले. तू माझ्याकडे पाहिलेस.

"तू काय म्हणस, मास्तर?"

मी म्हणालो, "ते योग्य म्हणतात."

तू काडेपेटीचा तुकडा खिशात घातलास आणि चहा न घेता निघालास. मी तुला थांबवले नाही. आज तो प्रसंग पुन्हा आला तर आजही तेच उत्तर देईन. त्यानंतर आपण फोनवर रंगाविषयी बोललो, पट्ट्यांच्या कड्यांविषयी बोललो. डब्याविषयी तू शब्द काढला नाहीस, मीही नाही. हिवाळा तसाच गेला. एप्रिलच्या अखेरीस दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या तू आटोपलास. नितीनचा फोन आला तेव्हा माझ्या हातात रणगाड्याचे ते बिनडब्याचे डोके होते. ते मी खाली ठेवले आणि सदरा घातला.

येथवर सकाळी लिहिले. आता संध्याकाळ आहे. दिवसभरात जे केले, ते क्रमाने येईलच.

गंधमुक्तीच्या चार दिवस आधी नितीनचा पुन्हा फोन आला. नाशिकला नोकरी करणारा, सरळ स्वभावाचा मुलगा आहे. त्याच्यावर माझा राग नाही.

"नाना, बाबांच्या फोटोशेजारी रणगाडा ठेवायचा म्हणतोय. पूर्ण करून आणाल का?"

"होणार नाही."

"असं काय राहिलंय? तो डबाच ना? राहू द्या तो. नाहीतर लावून टाका. आता कोण बघणार आहे?"

भटू, या वाक्याचा मला आयुष्यभर तिटकारा आहे. मुलांनी आकृतीत लपलेली रेषा तुटक न काढता गाळली की तेही हेच म्हणत: सर, कोण बघणार आहे? जे बघितले जाणार नाही, ते चुकीचे असले तरी चालते, हा विचार मी कधी चालू दिला नाही. तुझ्या मृत्यूची सवलत घेऊन तो माझ्या टेबलावर येऊ पाहत होता. मी नितीनला सांगितले, "लावून टाकणार नाही आणि राहूही देणार नाही. जेव्हा ठरेल तेव्हा होईल. तोवर त्याच्या फोटोशेजारी काही ठेवू नकोस."

त्यामुळे गंधमुक्तीला तुझ्या फोटोशेजारी फक्त फुले होती आणि नातेवाइकांत मी तऱ्हेवाईक ठरलो. जेवणाच्या पंगतीत तुझा चुलतभाऊ रमण म्हणाला, "मास्तर, मेलेल्या माणसासाठी एवढं अडून बसू नये. खेळणंच ना ते?"

"खेळणं असतं तर तुम्हाला दिलं असतं," मी म्हणालो.

पुढे पंगतीत माझ्याशी कोणी बोलले नाही. वाढणाऱ्याने मात्र न विचारता आणखी एक पोळी टाकली. त्याला बहुधा तू आवडत असावास, किंवा रमण आवडत नसावा.

लोक पांगल्यावर मंगला मागच्या अंगणात आली. तिच्या हातात काही नव्हते. इतक्या वर्षांत तिला रिकाम्या हातांनी उभी असलेली मी प्रथमच पाहिली.

"भाऊजी, डब्याचं काय ठरलं?"

डब्याचे तिलाही माहीत आहे तर, असे मी म्हणालो. तिला सगळेच माहीत होते. ती म्हणाली, "पाण्याचा होता तो. त्या गाडीत गोळ्यांना जागा होती, तेलाला होती, आत बसणाऱ्यांच्या पाण्याला नव्हती. ज्यांनी ती आखली त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ह्यांनी पत्रा कापून, वेल्ड मारून डबा केला आणि मागे अडकवला. वरून घोंगडीचा तुकडा गुंडाळून भिजवत असत. मोठे साहेब बघायला यायचे तेव्हा काढायला लावायचे. साहेब गेले की हे परत लावायचे."

"मला हे का सांगितलं नाही त्याने?"

"तुम्ही फोटो मागितला. कारण कुठे मागितलं?" मग म्हणाली, "मी म्हटलं होतं त्यांना, सांगा भाऊजींना. तर म्हणाले, कारण सांगितलं तर मास्तर दया येऊन बसवील. दयेनं बसलेला डबा मला नको."

मी तुझ्या अंगणातल्या पाण्याच्या हौदाकडे पाहिले. मग विचारले, "केवढा होता?"

"तेलाच्या पत्र्याच्या डब्याएवढा म्हणायचे."

पंधरा किलोचा रिकामा डबा स्वयंपाकघरात होता. मी खिशातली फीत काढून मोजला. तुझ्या गंधमुक्तीच्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर बसून तेलाचा डबा मोजणारा माणूस पाहून रमणने बायकोला कोपर मारले. ते मी पाहिले.

आता मुद्द्याचे. मंगलाने सांगितले म्हणून माझे मत बदलले, असे समजू नकोस. तिने जे सांगितले ते तुझ्याच तोंडून आलेले आहे, त्यामुळे तो दुसरा साक्षीदार होत नाही. घरी येऊन मी छायाचित्र पुन्हा भिंगाखाली धरले. तुझ्या बुटाजवळ पत्र्यावरच्या धुळीत खाली ओघळलेला एक काळा डाग आहे. पाण्याचा असू शकेल. तेलाचाही असू शकेल. त्या यंत्रातून तेल गळत होते, हे तूच सांगितले होतेस. डाग म्हणजे डबा नव्हे. शांता मागे उभी होती. म्हणाली, "अहो, एवढं जीव तोडून सांगत होते ते, बसवून टाका ना आता." म्हटले, बसवेन, पण टाकणार नाही. ती आत गेली.

मग मी वेगळ्या दिशेने विचार केला. या दीड वर्षात तू माझ्याशी कशाकशावर भांडलास? उंचीवर भांडलास, आणि अर्धा इंच सोडलास. इंजिनावरच्या जाळीच्या पट्ट्या उभ्या होत्या म्हणालास. मी छायाचित्र दाखवले, आडव्या निघाल्या, तू दोन शिव्या दिल्यास आणि आडव्या बसवल्यास. दिव्याची जागा चुकलास, तीही मान्य केलीस. जिथे तुझी आठवण फसली होती, तिथे तू पुढच्या बसला येऊन कबूल करत होतास. डब्यावर मात्र तू हललाच नाहीस. दया मिळत असतानाही ती नाकारलीस. स्वतःचे नाव लागावे म्हणून बोलणारा माणूस अशी वागणूक ठेवत नाही. हा पुरावा आहे, असे मी आजही म्हणत नाही. परंतु याची किंमत शून्य धरणे, हेही मोजमाप नव्हे. ते मोजमाप टाळणे आहे. आणि ते मला कंपनीकडून शिकायचे नाही.

म्हणून आज डबा केला. बाजारातून पितळेचा पातळ पत्रा आणला. तेलाच्या डब्याची मापे पस्तीसने भागली. घडीच्या रेषा कोरल्या, दुमडला, कोपरे कथलाचा डाग देऊन जोडले. पहिला तिरका झाला, तो फेकला. दुसरा बरोबर झाला. तुझ्या वेल्डिंगइतका ओबडधोबड मला जमला नाही. घोंगडी मी गुंडाळलेली नाही, कारण तिचा रंग आणि बांधायची रीत कोणीच सांगितली नाही. डबा मात्र तू सांगितलेल्या जागी, छायाचित्रात तुझ्या पाठीमागे येतो तिथे, बसवला आहे.

आणि त्याला रंग दिलेला नाही. देणारही नाही. रणगाडा सगळा हिरवा आहे. जे छायाचित्रातून सिद्ध झाले ते हिरवे. जे तुझ्या शब्दावर घेतले ते उघडे पितळ. बघणाऱ्याला लांबूनच दिसले पाहिजे की इथे चित्र संपते आणि माणूस सुरू होतो. कोणाला ते विजोड वाटेल, वाटू दे. कंपनीलाही मी असेच छायाचित्र पाठवणार आहे आणि लिहिणार आहे की पुरावा नाही, साक्ष आहे. साक्षीदाराची उलटतपासणी मी स्वतः घेतली आहे, आणि माझ्याइतकी कडक उलटतपासणी तुमच्याकडे कोणी घेत नसेल. त्यांनी मानावे अथवा न मानावे.

नितीनला मोबाइलवर चित्र पाठवले. लगेच त्याचा फोन आला.

"नाना, झकास झालाय. फक्त तो डबा चमकतोय. त्याला हिरवा मारा ना."

"नाही."

"अहो, पण बाबांना असा अर्धवट आवडला असता का?"

"नसता आवडला. भांडला असता."

"मग?"

"मग येऊ दे भांडायला."

तो म्हणाला, "रविवारी येतो न्यायला." मी म्हणालो, "काचेची पेटी घेऊन ये, नुसता हातात धरून नेऊ नकोस." त्याने मापे विचारली. मी सांगितली. त्याने ती उलट म्हणून दाखवली. बरोबर होती.

भटू, तुला वाटेल मी हरलो. मी हरलेलो नाही. तूही जिंकलेला नाहीस. तुझा डबा रणगाड्यावर आहे आणि माझा नियमही रणगाड्यावर आहे, आणि दोघांपैकी एकालाही मी मरू दिलेले नाही. तुझ्या घरी येणारा प्रत्येक माणूस आता विचारील, हे पितळ कसले. मंगला सांगेल. ती नसेल तेव्हा नितीन सांगेल. कोण बघणार आहे, हा प्रश्न त्या घरात पुन्हा कोणी विचारणार नाही, अशी व्यवस्था मी केली आहे.

रणगाड्याखालच्या सागाच्या तळपाटावर लावायची कागदी पट्टी शाईच्या पेनाने, शाळेत शिकवत असे त्या सरळ ठशाच्या अक्षरांत लिहिली: "डबा हवालदार मेकॅनिक भटू यांच्या साक्षीवरून. छायाचित्र उपलब्ध नाही." शाई वाळू दिली. पट्टीच्या मागे डिंक लावला, गुण्याने कड जुळवून ती तळपाटावर चिकटवली, वर जाड पुस्तक ठेवले, आणि डिंकाच्या बाटलीचे झाकण घट्ट लावले.